त्रेसष्टावं मिनिट

१

फाइल नाहीशी झाली ती मंगळवारी, आणि चौकशीबाईंना बोलावणं आलं ते बुधवारी सकाळी, गरम पाण्यात पाय सोडून बसल्या होत्या तेव्हा. निवृत्त होऊन चौदा महिने झाले होते. पण जिथे कुणाला जायचं नसे तिथे बाईंना पाठवायची खात्याची खोड काही गेली नव्हती. तुम्ही गेलात की माणसं बोलतात, असं वरचे लोक म्हणत. बोलणारच. इतकं दमलेलं माणूस समोर येऊन बसलं की लोकांना वाटतं, बिचारीचं काम एकदाचं उरकू द्यावं.

कचेरी तिसऱ्या मजल्यावर होती आणि लिफ्ट बंद होती. बाईंच्या नशिबातली लिफ्ट नेहमी बंदच असे. या कचेरीत माणसं पगार घेऊन दिवसभर सिनेमे पाहत. ऐकायला मोठी चैन वाटते, पण काम असं होतं: सिनेमात कुठे जनावराला मारलंय, छळलंय, बुडवलंय का ते शोधायचं आणि यादीत इशारा लिहायचा. मग ते खरं असो की नुसता अभिनय. ज्यांना असलं काही सोसत नाही ते तिकीट काढण्याआधी यादी बघत. यादीत प्रत्येक सिनेमापुढे एकच शब्द असे, 'आहे' किंवा 'नाही'. त्या एका शब्दाच्या भरवशावर लोक पोरंबाळं घेऊन घराबाहेर पडत.

अकरा दिवसांपूर्वी तळ्याकाठच्या एका कुटुंबाचा सिनेमा लागला. यादीत त्याच्यापुढे 'नाही' होतं. आणि पडद्यावर एका माणसाने कुत्रीची सहा पिल्लं पोत्यात भरून तळ्यात बुडवली. खरी पिल्लं सुखरूप होती, सगळा पडद्यावरचाच खेळ होता, पण थिएटर मुलांनी भरलेलं होतं. तक्रारींचा पाऊस पडला. मूळ कागद बघायला म्हणून कपाट उघडलं, तर नेमकी त्याच सिनेमाची फाइल गायब.

कचेरीचे साहेब उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांपैकी होते. त्यांनी स्वतः सिनेमा पाहिला नव्हता, तक्रारीही पुऱ्या वाचल्या नव्हत्या, पण निकाल त्यांच्याकडे तयार होता. तो शब्द कुणीतरी विकला, आणि विकणारी म्हणजे मावशी. चोवीस वर्षं इथे सिनेमे पाहणारी. चार महिन्यांपूर्वी वितरकाच्या माणसाने तिच्या हातात एक खोकं दिलेलं साहेबांनी स्वतः पाहिलं होतं. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत बाईंनी अहवालात एक नाव लिहायचं, आणि मावशी घरी.

"एकच नाव, बाई," साहेब म्हणाले. "फाटे फोडू नका."

बाई बाहेर आल्या आणि व्हरांड्यातल्या जुन्या सोफ्यावर टेकल्या. सोफ्याच्या गादीला शेजारी-शेजारी दोन खड्डे पडले होते. एका खड्ड्यात बसचालकाच्या गणवेशातला एक माणूस आधीच बसलेला होता, दुसरा बाईंनी घेतला. त्याने विचारलं, चौकशी तुमच्याकडेच ना. मग त्याने आपली कहाणी सांगितली.

त्याला नऊ वर्षांची मुलगी होती. गेल्या वर्षी त्यांचं कुत्रं गेलं, तेव्हापासून तो कुठल्याही सिनेमाआधी यादी तिला मोठ्याने वाचून दाखवायचा. याही वेळी दाखवली. बघ, काही नाही, असं म्हणाला. सिनेमा सुटल्यावर ती एवढंच बोलली की बाबा, तुम्ही वाचलं होतं. त्यानंतर तिने बापाला एकही प्रश्न विचारला नव्हता. जे विचारायचं ते दुसऱ्याला.

"सतरा वर्षं बस चालवतोय मी," तो म्हणाला. "आणि माझी पोरगी माझा हात धरून थांब्यावर उभी राहते, आणि बस किती वाजता येणार ते परक्या माणसाला विचारते. कुणाला काढा, कुणाला ठेवा, मला देणंघेणं नाही. मला एवढंच कळू द्या, खोटं कोण बोललं."

२

पूर्वी इथे एकच मोठी खोली होती. आता मधोमध फळ्यांची भिंत घालून तिचे दोन डबे केले होते. भिंतीला रंगसुद्धा दिलेला नव्हता. अलीकडच्या डब्यात मावशी बसे.

दार बंद होतं. आत सिनेमा चालू असणार, उगाच व्यत्यय नको, म्हणून बाईंनी बोटाच्या पेराने एकदाच हळू टकटक केली. लगेच 'या' असं उत्तर आलं. आत पडद्यावर दोन माणसं एकमेकांवर तोंड टाकत होती. मावशीने त्यांना तसंच उघड्या तोंडाने थांबवलं आणि बाईंना खुर्ची पुसून दिली.

मावशी साठीला टेकलेली, बारकी, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. खिळ्याला हेडफोन टांगलेला होता आणि हेडफोनला तिच्या घराच्या किल्ल्या अडकवल्या होत्या. खिडकीत तीन कुंड्या, आणि फळीवर ते साहेबांनी सांगितलेलं खोकं. बाईंनी त्याबद्दल विचारायच्या आधीच मावशीने ते काढून त्यांच्या मांडीवर ठेवलं. म्हणाली, लाच आहे म्हणे ही माझी, बघा तरी.

खोक्यात नवा कोरा हेडफोन होता. वरचं प्लास्टिक अजून फाडलेलं नव्हतं. शेजारच्या मास्तरांनाही असाच एक दिला होता, पण तेव्हा साहेबांची पाठ होती, असं मावशी म्हणाली. त्यात कडवटपणा नव्हता. कडवट व्हायलाही अंगात थोडं त्राण लागतं.

बाईंनी नेहमीचं विचारलं नाही. झोप लागली होती का, कुणी भेटलं होतं का, हे प्रश्न विचारले की माणूस आत जाऊन कडी लावून घेतं. त्या म्हणाल्या, मी सिनेमा पाहिलेला नाही, मला गोष्ट सांगा.

मावशीने सांगितली. तपकिरी स्वेटरचा माणूस, कोपरावर स्वेटर उसवलेलं, आठ दिवसांची दाढी. बायको निळ्या स्कार्फची. घर तळ्याला लागून. गोठ्यात कुत्री विते, सहा पिल्लं, एक पांढऱ्या पायांचं. मग नवराबायकोचं जोरात भांडण होतं.

"कशावरून?" बाईंनी विचारलं.

मावशीने खुर्ची पुसायचं फडकं घडी करून ठेवलं. मग म्हणाली, "नवराबायकोला भांडायला कारण लागतं का, बाई?"

दोघी हसल्या. पुढे काय, तर कुत्री एकटीच हिंडताना दिसते. पिल्लं कुणालातरी देऊन टाकली असतील असं आपल्याला वाटलं, असं मावशी म्हणाली, आणि तिचा आवाज तिथे जरा पडला. आता लोक सांगतात तेव्हा कळतंय. पण आपण झोपलो नव्हतो. चोवीस वर्षांत या कामावर आपण एकदाही झोपलो नाही, हवं तर मुलाच्या डोक्यावर हात ठेवून सांगते.

बाईंचा तिच्यावर विश्वास बसला, आणि तीच मोठी अडचण झाली. जागं असलेलं माणूस, समोर पडदा, आणि सहा पिल्लं बुडाली ती दिसली नाहीत. हे घोडं पेंड खातंय कुठे, ते काही त्यांना कळेना.

३

पलीकडच्या डब्यात मास्तर. पूर्वी शाळेत शिकवत, म्हणून मास्तर. एकाने पाहिलेला प्रत्येक सिनेमा दुसऱ्याने स्वतंत्रपणे तपासायचा असा भिंत झाल्यापासूनचा नियम होता, आणि तळ्याच्या सिनेमाला दुसरी सही मास्तरांची होती.

बाई गेल्या तेव्हा जेवणाची सुट्टी होती. मास्तर खिडकीकडे तोंड करून, मान मागे टाकून, डोळे मिटून बसले होते. पडद्यावर त्यांचा मफलर वाळत घातला होता. बाईंच्या मनात आलं, सापडला झोपाळू. तेवढ्यात डोळे न उघडताच मास्तर म्हणाले, "या बाई. डावी चप्पल घासते तुमची. चांभाराला दाखवा."

ते जागे होते आणि तल्लख होते. मफलरचं विचारलं तर म्हणाले, यंत्र गरम असतं, कपडा पटकन वाळतो. त्यांच्याही टेबलावर वितरकाने दिलेला हेडफोन होता, पण चार महिन्यांत त्याच्या कानावरच्या गाद्या फाटून आतला स्पंज बाहेर आला होता.

त्यांनाही बाईंनी गोष्टच सांगायला लावली. मास्तरांनी ती वर्गात धडा वाचावा तशी सांगितली. एक माणूस, घसा बसलेला, प्रत्येक वाक्याआधी खोकणारा. पन्नाशीचा असावा. बायको करड्या आवाजाची. ती म्हणते, घरात पाय ठेवायला जागा उरलेली नाही, हे सगळं आजच्या आज इथून हलव. तो खूप वेळ गप्प बसतो आणि मग म्हणतो, बरं.

"हे सगळं म्हणजे काय?" बाईंनी विचारलं.

"घरातली अडगळ असेल," मास्तर म्हणाले. मग त्यांनी फडक्याने चष्मा पुसायला घेतला आणि बराच वेळ पुसत राहिले. आपण कुणाकडून काही घेतलं नाही, असं म्हणाले. मावशीनेही नाही. ती घेणारी बाई नाही. आठ वर्षं एका सोफ्यावर बसून सिनेमे पाहिलेत आम्ही, मला माहीत आहे.

"मग ही भिंत कधी झाली?"

आठ महिन्यांपूर्वी, मास्तर म्हणाले. साहेबांचा हुकूम. दोघं शेजारी बसले की एकमेकांच्या मतावर परिणाम होतो. शिवाय गप्पा थांबल्या की दिवसाला दुप्पट सिनेमे होतात. साहेब बरोबरच म्हणत असतील, असं म्हणून ते फळ्यांच्या भिंतीकडे पाहत बसले. भिंतीपलीकडे मावशी कुंड्यांना पाणी घालत होती. कुठली कुंडी झाली आणि कुठली राहिली, ते मास्तरांनी बाईंना नुसतं ऐकून सांगितलं.

४

तिसरी चिमणी. तिशीची, चिवट, दिवसभर संगणकावर टकटक करणारी. मावशी आणि मास्तर आपापल्या पानावर हाताने टिपणं लिहीत, खाली 'आहे' किंवा 'नाही' लिहून सही करत, आणि ती दोन पानं चिमणीकडे जात. दोघांपैकी एकाने जरी 'आहे' लिहिलं असेल तर यादीत 'आहे'. दोघांचं 'नाही' असेल तर 'नाही'. फाइली लावणं तिचंच काम, कपाटाची किल्ली तिच्याकडेच.

फाइलीचं विचारल्यावर तिने कानावर हात ठेवले. मंगळवारी कपाट उघडलं तेव्हा जागा रिकामी होती. सोमवारी? सोमवारी पाहिलंच नाही. पानांवर काय होतं? आठवत नाही, आठवड्याला चाळीस पानं हाताखालून जातात, वाचत कोण बसतंय. सिनेमा पाहिला का? तेवढ्यावर मात्र ती उसळली. या कचेरीत नोकरीला लागल्यापासून एकही सिनेमा पाहिलेला नाही, असं म्हणाली. हेही नाहीत आणि बाहेरचेही नाहीत. प्रती साहेबांच्या कुलपात असतात, आणि नसत्या तरी आपण हात लावला नसता. त्या दोघांचं काय झालंय ते दिसतंय ना.

"काय झालंय?"

चिमणी खाली बघून म्हणाली, मावशी पूर्वी गाणी म्हणायची आणि मास्तर नकला करायचे. एवढंच. मग तिने बाईंना चहा दिला, खुर्चीवरची गादी बदलून दिली, आणि जिन्यापर्यंत सोडायला आली. हात धरून म्हणाली, मावशीला वाचवा. त्रेसष्टाव्या मिनिटाला जे व्हायचं ते झालं, पण त्यासाठी चोवीस वर्षं पाण्यात घालू नका.

बाई कठड्याला धरून उतरायला लागल्या. गुडघे कुरकुरत होते. घरी जाऊन पुन्हा पाणी गरम करायचं, शुक्रवारी काय लिहायचं ते उद्या बघू, असा विचार चालला होता. साहेबांच्या कुलपातली ती प्रत मागवून पाहायला हवी, हेही त्या सकाळपासून 'उद्या'वर टाकत होत्या. पिल्लांचं बुडणं कोण हौसेने बघणार?

दुसऱ्या मजल्यावर त्या थांबल्या.

थिएटरात बसलेलं माणूस मिनिटं मोजत नाही. आलेल्या चाळीसच्या चाळीस तक्रारी त्यांनी सकाळीच वाचल्या होत्या, त्यांत पिल्लं होती, पोतं होतं, रडणारी मुलं होती, पण मिनिट एकीतही नव्हतं. साहेबांना माहीत नव्हतं. मावशी-मास्तरांनी उच्चारलं नव्हतं. मिनिटं फक्त एकाच ठिकाणी लिहिलेली असतात, त्या दोन पानांवर. आणि ती पानं चिमणीला आठवत नव्हती म्हणे.

बाईंनी वर पाहिलं. सतरा पायऱ्या. एक सुस्कारा टाकून त्या परत चढायला लागल्या.

५

चिमणीने वाद घातला नाही. बाईंनी नुसतं 'त्रेसष्ट' म्हटलं आणि तिचा चेहरा उतरला. टेबलाच्या खालच्या खणातून तिने कचेरीची नियमावली काढली. हातभर जाड पुस्तक, जे इथे कधी कुणी वाचलं नव्हतं. तिच्या मधोमध ती दोन पानं होती.

"वाचा," ती म्हणाली. "आणि मग मला सांगा, मी काय करायला हवं होतं."

पहिलं पान मावशीचं, तिरप्या बारीक अक्षरातलं. 'मिनिट त्रेसष्ट. तपकिरी स्वेटरवाला लाकडी धक्क्यावर उभा. पोत्याला गाठ मारतो. पोतं तळ्यात टाकतो. अडगळ असावी. जनावर दिसत नाही.' खाली 'नाही' आणि सही.

दुसरं मास्तरांचं, फळ्यावर लिहावं तसं गोल. 'मिनिट त्रेसष्ट. पिल्लांची कुंईकुंई. पाण्याचा आवाज. मग शांत. आंघोळ घालत असावेत.' खाली 'नाही' आणि सही.

बाईंनी दोन्ही पानं टेबलावर शेजारी-शेजारी ठेवली आणि पुन्हा एकदा वाचली. एका पानात पोतं होतं, पण पिल्लं नव्हती. दुसऱ्यात पिल्लं होती, पण पोतं नव्हतं. दोघांनी आपापल्या पानावर खरं तेवढंच लिहिलं होतं.

मग दिवसभरातलं एकेक त्यांच्या मनात जागेवर बसत गेलं. सिनेमा चालू असताना मावशीला बोटाची टकटक ऐकू गेली, कारण खोलीत दुसरा आवाजच नव्हता. तिचा हेडफोन किल्ल्या टांगायला होता, आणि नवा तर तिने खोक्यातूनच काढला नव्हता. तिला स्वेटरची उसवण ठाऊक होती, पण भांडण कशावरून ते ठाऊक नव्हतं. मास्तरांना प्रत्येक खोकला पाठ होता, पण माणूस पन्नाशीचा 'असावा' होता. त्यांचा हेडफोन फाटेपर्यंत वापरलेला, खुर्ची खिडकीकडे, आणि पडद्यावर मफलर. आवाज बंद करून बघणारी एक, आणि पडदा झाकून ऐकणारा एक.

चिमणीला हे तक्रारी आल्या त्याच दिवशी कळलं होतं. पानं काढून पाहिली आणि तशीच नियमावलीत लपवली, असं ती सांगू लागली. हे साहेबांच्या हाती गेलं असतं तर दोघांनाही त्यांनी उभ्याउभ्या काढलं असतं. आणि खरं सांगायचं तर आपल्यालाही. कारण दोन्ही पानं एकाच वेळी एकाच माणसाच्या हातात होती. सगळ्या कचेरीत तेवढ्या एका माणसाला पिल्लं बुडताना दिसू शकली असती. आणि तिने खालचे दोन 'नाही' बघितले आणि तिसरा टाइप केला.

"मी वाचलं नाही, बाई," चिमणी म्हणाली. "वाचलं असतं तर दिसलं असतं. मला बघायचंच नव्हतं."

बाईंनी तिला काही बोल लावला नाही. साहेबांच्या कुलपातली प्रत त्याही दिवसभर टाळतच होत्या.

६

गुरुवारी दुपारी चौकशीबाईंनी व्हरांड्यातला सोफा मास्तरांच्या डब्यात आणवला. मावशीला बोलावलं, पडद्यावरचा मफलर स्वतः काढून मास्तरांच्या हातात दिला, आणि साहेबांकडून आणलेली प्रत लावली. दोघं न सांगता आपापल्या खड्ड्यात बसली. डावीकडे मावशी, उजवीकडे मास्तर.

बाईंनी दोघांना त्यांची पानं दिली. मावशीने मास्तरांचं वाचलं, मास्तरांनी मावशीचं. 

मग मावशीने सांगितलं. फार वर्षांपूर्वी एका सिनेमातल्या वासराचं हंबरणं तिच्या कानातून जाईना. स्वयंपाक करताना, झोपताना, तेच. तेव्हापासून तिला आवाज सोसत नव्हता, चित्र कसंबसं चाले. मास्तरांचं उलटं होतं. ऐकलेलं ते विसरत, पण पाहिलेलं जेवताना ताटात दिसायचं. म्हणून या सोफ्यावर त्यांचं ठरलं. जनावर आलं की हेडफोन मास्तरांनी घालायचा, डोळे मिटायचे, आणि बघायचं मावशीने. लगेच थांबवून एकमेकांना सांगायचं. पान एकच लिहायचं. आठ वर्षांत या दोघांच्या हातून एकही जनावर सुटलं नव्हतं.

मग भिंत आली. सवय मात्र तशीच राहिली. पूर्वी जनावर आलं की तेवढ्यापुरतं असे. आता शेजारी सावध करणारं कुणी नव्हतं, कधी काय येईल सांगता येत नव्हतं, म्हणून मावशीने आवाज पुरताच बंद केला आणि मास्तरांनी पडदा पुरताच झाकला. दिवसाला दुप्पट सिनेमे होते. पलीकडचा आहेच की, असं दोघांनाही वाटत राहिलं. पण आता थांबवून सांगायचं कुणाला?

"बघायचंय?" बाईंनी विचारलं. "जबरदस्ती नाही."

मास्तरांनी चष्मा लावला. मावशीने हात लांबवून आवाज मोठा केला.

धक्का, धुकं, तपकिरी स्वेटर. पोत्याला गाठ मारताना माणसाचे हात थरथरत होते. पोत्यातून कुंईकुंई येत होती. मग पाणी. मास्तरांनी डोळे मिटले नाहीत, मावशीने कान झाकले नाहीत, फक्त तिचा हात मधल्या गादीवर आला आणि मास्तरांनी तो धरून ठेवला. चौकशीबाई दाराशी उभ्या राहून पाहत होत्या आणि त्यांना तिथून पळून जावंसं वाटत होतं.

"त्याचे हात थरथरताना दिसले होते मला," मावशी म्हणाली. "मला वाटलं, थंडी असेल."

"मला शांतता ऐकू आली होती," मास्तर म्हणाले. "पिल्लं आंघोळीनंतर गप्प बसत नाहीत. घरात दोन वाढवली आहेत मी. मला कळायला हवं होतं."

थोड्या वेळाने मावशीने डोळे पुसले आणि बाईंकडे वळून म्हणाली की एकच नाव लिहायचंय ना, मग माझं लिहा. मास्तरांच्या घरी आजारी बायको आहे, चिमणीचं सगळं आयुष्य पुढे आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी असंही काही नाही, मी काही संन्यासी नाही.

बाई म्हणाल्या, बघू. आधी दुसरं एक काम आहे. एका नऊ वर्षांच्या मुलीला पत्र लिहायचंय, आणि ते अहवालापेक्षा अवघड आहे.

७

शुक्रवारी अहवाल गेला. 'दोषी' या रकान्यात जागा एकाच नावाची होती, म्हणून बाईंनी बारीक अक्षर काढून चार बसवली. पाहणारी, ऐकणारा, न वाचता लिहिणारी, आणि भिंत घालणारा. शेवटच्या नावाला पुरावा म्हणून भिंतीचा हुकूम जोडला, साहेबांच्या सहीचा, नियमावलीतच सापडला होता. आणि एक प्रत थेट वर पाठवली, हे साहेबांना सांगायला त्या विसरल्या नाहीत.

साहेबांनी अहवाल दोनदा वाचला. एकाला काढायचं तर चौघांना काढावं लागत होतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी त्यांची गत झाली. दुपारी हुकूम निघाला की फळ्यांची भिंत काढावी आणि तपासणी पूर्वीप्रमाणे एकत्र करावी. भिंत मुळात कुणी घातली होती, ते त्यात कुठे नव्हतं. यादीतला 'नाही' चिमणीने बदलून 'आहे' केला, आणि यापुढे टिपण वाचल्याशिवाय अक्षर टाइप करणार नाही, असं तिने कुणी न विचारता सांगितलं. मावशीला या कामाचा कंटाळा आला होताच, पण घरी जायचं ते आता तिच्या वेळेने जाणार होती.

चार वाजता बसचालक आला. या खेपेला मुलगी बरोबर होती. दोन वेण्या, पाठीवर दप्तर, बापाच्या हातात हात, आणि नजर मात्र दुसरीकडे.

पत्र मावशीच्या अक्षरात होतं, खाली तिघांच्या सह्या. मुलीने ते बापाला वाचू दिलं नाही. खिडकीपाशी जाऊन स्वतः वाचलं, ओळीखाली बोट धरून. त्यात फार काही नव्हतं. तुझ्या बाबांनी तुला वाचून दाखवलं ते जसंच्या तसं आम्ही लिहिलेलं होतं. त्यांनी एक शब्द बदलला नाही. चूक आमची होती, त्यांना माहीत असतं तर त्यांनी तुला नेलं नसतं. आणि ती पिल्लं सिनेमापुरतीच बुडाली. पांढऱ्या पायांचं सध्या त्या सिनेमाच्या स्वयंपाकिणीकडे असतं आणि चपला खातं. हे चिमणीने सकाळभर फोन करून शोधून काढलं होतं.

मुलीने पत्राची घडी केली आणि मावशीसमोर येऊन उभी राहिली.

"तुम्ही बघितलं नव्हतं का?"

"बघितलं होतं," मावशी म्हणाली. "ऐकलं नव्हतं."

मुलीने मास्तरांकडे पाहिलं. मास्तर म्हणाले, मी ऐकलं होतं, बघितलं नव्हतं. तिने बराच विचार केला. मोठ्या माणसांचं हे काय चाललंय, असं तिच्या कपाळावर स्पष्ट दिसत होतं.

"मग दोघांनी एकत्र बसायचं ना," ती म्हणाली.

"हो गं बाई," मावशी म्हणाली. "आता बसतो."

चौकशीबाई त्यांच्याबरोबरच खाली उतरल्या. लिफ्ट अजूनही बंद होती. रस्त्याच्या पलीकडे थांबा होता, तिथे छत्री घेऊन एक म्हातारा उभा होता आणि बाई त्याच्या शेजारी जाऊन टेकल्या. बसचालक मुलीचा हात धरून थोडा दूर थांबला. मुलीने म्हाताऱ्याकडे पाहिलं, मग बाईंकडे पाहिलं. बाईंनी मुद्दाम पिशवीत डोकं घालून किल्ल्या शोधायला सुरुवात केली.

"बाबा," मुलीने विचारलं, "बस किती वाजता आहे?"

बापाला घड्याळ बघायची गरज नव्हती, ते वेळापत्रक त्याला सतरा वर्षं पाठ होतं. तरी त्याने मनगट वर केलं, आणि बराच वेळ त्याला काटे दिसेनात.

"चार चाळीसला," तो म्हणाला.

बस चार चाळीसला आली.